तहान आणि भूक



काम मनासारखें असलें कीं मनुष्य तहानभूक विसरतो, असें आपण म्हणतों. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर या मार्गानें जाते, तेव्हां या म्हणण्याचा प्रत्यय पावलोपावलीं येतो. हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस लांबला कीं वारकऱ्यांच्या डोक्यावर ऊन असतें, मुखीं नाम असतें, आणि मुक्काम अजून दूर असतो. अशा वेळीं मन तहान विसरेल. शरीर मात्र विसरत नाहीं. तें काय करतें, हें आज पाहूं.

घाम खारट लागतो खरा, पण तो रक्ताहून कमी खारट असतो. त्यामुळें घामावाटें मिठाच्या मानानें पाणीच अधिक जातें आणि रक्ताचा खारटपणा वाढतो. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. तेथील व त्याच्या लगतच्या कांहीं पेशी या खारटपणावर अहोरात्र पहारा करतात. तो शेंकडा एक-दोन इतका जरी वाढला, तरी दोन हुकूम सुटतात. पहिला आपणांस कळतो, तीच तहान. दुसरा कळत नाहीं: व्हॅसोप्रेसिन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो आणि मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवावयास लावतो. उन्हांत चालल्यावर लघवी थोडी व गडद होते, ती यामुळेंच. 1953 सालीं स्वीडनमधील बेंग्ट अँडरसन यांनीं शेळ्यांच्या मेंदूंतील या भागांत अगदीं थोडें खारट पाणी सोडलें, तेव्हां त्या पाणी पिऊं लागल्या.

भुकेचा कारभार निराळा. रिकामें जठर घ्रेलिन नांवाचा स्राव सोडतें. त्याचा शोध 1999 सालीं जपानांत लागला. रोजच्या जेवणाच्या वेळेआधीं तो वाढतो, आणि जेवण न मिळालें तरी कांहीं वेळानें ओसरतो. एकादशीस दुपारीं कडकडून लागलेली भूक तिसऱ्या प्रहरीं मंदावते, याचें एक कारण हेंच. उलटपक्षीं, अंगांत चरबीचा सांठा किती आहे हें लेप्टिन नांवाचा स्राव मेंदूस कळवितो. तो 1994 सालीं सांपडला. भूक जागविणारें स्थान हायपोथॅलॅमसमध्यें आहे, असें 1951 सालीं अमेरिकेंत उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविणाऱ्या दोघां शास्त्रज्ञांपैकीं एक आपले डॉ. बी. के. आनंद होते. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत ते प्राध्यापक झाले.

या दोन निरोपांत एक मोठा भेद आहे. उपवासाच्या दिवशीं यकृतांतील साखरेचा व अंगांतील चरबीचा सांठा निरोगी माणसास तारून नेतो. पाण्याचें असें कोठार शरीरांत नाहीं. म्हणून एक वेळ भूक थोपविली तर निभतें. तहान थोपविली तर अंगाशीं येतें.

आणि माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्यांची अडचण याहून मोठी आहे. तहानेचा पहारेकरी वयाबरोबर मंदावतो. 1984 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं तरुणांस व कांहीं निरोगी वृद्धांस चोवीस तास पाण्यावांचून ठेवलें. वृद्धांच्या रक्तांत पाण्याची तूट अधिक दिसली. तरी तहान त्यांस कमी लागली, व समोर पाणी ठेवल्यावर तेंही ते कमी प्यायले. वृद्धापकाळीं मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तिही उणावते. 'मला कांहीं तहान नाहीं,' असें म्हणणारे आजोबा खोटें बोलत नाहींत. त्यांना निरोपच पोंचलेला नसतो.

तेव्हां घरांतील वडीलधारीं माणसें वारीस निघालीं, तर त्यांनीं तहानेची वाट न पाहतां ठराविक वेळानें पाणी प्यावें. घामाबरोबर मीठही जातें, म्हणून मीठ घातलेलें ताक किंवा लिंबाचें सरबत चांगलें. हृदयाचा वा मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वाटेवर आडोसा मिळणार नाहीं, या धास्तीनें पुष्कळ स्त्रिया पाणीच टाळतात. त्यांना 'पाणी प्या' असा नुसता उपदेश करून भागत नाहीं. वाटेवर शौचालयाची सोय करणें हाही पाणपोईइतकाच धर्म आहे.