कळफलक निवडायचा कोणी?

संगणकाच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत प्रोसेसर, पडदा, साठवण या साऱ्या गोष्टी वेगवान आणि स्वस्त होत गेल्या. कळफलकाचं मात्र तसं झालं नाही. 1985 साली आलेल्या एका कळफलकाचं नाव जाणकार आजही आदरानं घेतात, आणि त्यानंतर तीस वर्षांनी निघालेल्या एका महागड्या लॅपटॉपच्या कळांनी वापरणाऱ्यांना रडवलं. याचा दोष सहसा स्वस्ताईला दिला जातो. पण महाग यंत्रंही नापास झालेली असल्यानं ते कारण पुरत नाही. हा काळ क्रमानं पाहिला तर दुसरंच सूत्र हाती लागतं. टाइप करणाऱ्याच्या सोयीला निवडीत वजन होतं तेव्हा कळफलक सुधारला, आणि निवड दुसऱ्याच हिशेबानं होऊ लागली तेव्हा तो बिघडला.

सुरुवात आयबीएमपासून करावी लागते. पर्सनल कॉम्प्युटर काढण्याआधी ही कंपनी कित्येक वर्षं इलेक्ट्रिक टाइपरायटर विकत होती. 1961 साली आलेला तिचा ‘सिलेक्ट्रिक’ कचेऱ्यांत चांगला रुळला होता. कळफलक विकत घेणारी कचेरी आणि त्यावर बसणारा टायपिस्ट वेगळे असले तरी दोघांचं हित एकच होतं, कारण त्याचा हात अडला की कचेरीचं काम अडत असे. 1981 च्या पीसीसोबतचा ‘मॉडेल एफ’ आणि 1985 चा ‘मॉडेल एम’ या संस्कारातून आले. दोन्हींत प्रत्येक कळेखाली एक उभी स्प्रिंग असते. कळ दाबत नेली की स्प्रिंग आक्रसते, ठरावीक बिंदूला तोल जाऊन बाजूला वाकते आणि तळाची छोटी पट्टी उलथवते. अक्षर नोंदलं जातं ते त्याच झटक्यात, ‘टक्’ आवाज होतो तोही त्याच झटक्यात, आणि बोटाखालचा विरोधही तेव्हाच ओसरतो. बोटाला जे कळतं आणि यंत्राला जे कळतं, त्यात अंतर राहत नाही. त्यामुळे प्रत्येक कळ तळापर्यंत आपटायची गरज उरत नाही. याच कंपनीनं 1983 च्या अखेरीस घरगुती गिऱ्हाइकांसाठी ‘पीसीज्युनिअर’ जाहीर केला आणि त्याला छोट्या, सुट्यासुट्या कळा दिल्या. घरात कोणी गंभीरपणे टाइप करणार नाही असंच जणू धरून चाललेलं. टीका एवढी झाली की 1984 मध्ये कंपनीला कळफलक फुकट बदलून द्यावे लागले. कसब तेच होतं. टाइप करणारा नजरेआड झाला एवढंच.

नव्वदच्या दशकात ही नजरेआड होण्याची गोष्टच नियम बनली. पीसी अनेक कंपन्या बनवू लागल्या, किमतीची चढाओढ लागली आणि कळफलक खोक्यात सोबत मिळणारी वस्तू झाला. स्प्रिंगांच्या जागी रबराचे घुमट असलेली एक चादर आली. अशा कळेचा घुमट आधी खचतो आणि संपर्क होतो तो जवळपास तळाशी. बोटाला मिळालेली खूण खरी मानावी तर अक्षर राहून जातं, म्हणून बोटं दर वेळी तळ गाठायला शिकतात. आयबीएमनं 1991 मध्ये कळफलक बनवणारा आपला विभाग ‘लेक्समार्क’ म्हणून वेगळा केला. पुढे 1996 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला ‘युनिकॉम्प’नं त्या स्प्रिंगवाल्या कळफलकांचं उत्पादन हाती घेतलं. म्हणजे तंत्र हरवलं नव्हतं, परवडेनासंही झालं नव्हतं. संगणक घेताना कळफलकाची चौकशी करणारं गिऱ्हाईक तेवढं उरलं नव्हतं.

स्वस्ताईनंतर पाळी आली बारीकपणाची. 2015 मध्ये ॲपलनं नव्या मॅकबुकला ‘बटरफ्लाय’ कळा दिल्या. कळ खाली जाण्याचं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. धूळ शिरली की कळ अडकायची किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं. 2018 मध्ये कंपनीनं फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली, 2019 च्या नोव्हेंबरात सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये जुन्या धर्तीची कात्री-यंत्रणा परत आणली, आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ज्यांना काटकसरीचं कारण नव्हतं त्यांच्याकडे हे घडलं, म्हणून हा पुरावा महत्त्वाचा. इथं कळेचं माप ठरलं ते लॅपटॉप किती बारीक दिसावा यावरून.

सुधारणा झाली ती वापरणाऱ्यांनी खरेदी स्वतःच्या हाती घेतल्यावर. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक एइइती वादा यांचा आग्रह होता की संगणक बदलत राहतील, कळफलक मात्र माणसाचा स्वतःचा असावा. त्यातून 1996 मध्ये ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ निघाला. पुढे 2010 च्या आसपास गेम खेळणाऱ्यांनी जर्मनीच्या ‘चेरी’ कंपनीच्या, प्रत्येक कळेखाली बसणाऱ्या यांत्रिक स्विचना नवी बाजारपेठ दिली. या स्विचची पेटंटं संपल्यावर चिनी कारखाने त्याच धाटणीचे स्विच बनवू लागले आणि निवड वाढली. गेम खेळणारा स्वतः दाबून पाहतो आणि स्वतःच पैसे मोजतो, हे इथं निर्णायक ठरलं.

मराठी टाइप करणाऱ्याला हा प्रश्न थोडा अधिकच टोचतो. भारतीय मानक असलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ या कळांच्या मांडणीत मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे आहेत, त्यामुळे दोन्ही हात आलटूनपालटून चालतात. ‘राष्ट्र’ लिहायला र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशा सात कळा लागतात, शिवाय ‘ष’साठी शिफ्ट वेगळी. यातला शेवटचा हलन्त नीट दाबला गेला नाही तर पडद्यावर ‘राष्टर’ येतं. वाचणाऱ्याला ती शुद्धलेखनाची चूक वाटते. पुष्कळदा तो कळेचा दोष असतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी आवडीची बाब आहे. आहेच. कुणाला 45 ग्रॅमच्या दाबाची हलकी कळ रुचते, कुणाला जड. पण आवडी वेगळ्या असतात म्हणूनच निवड टाइप करणाऱ्याची हवी, खरेदी विभागाची नव्हे. दुसरा आक्षेप वेगाचा: चांगल्या कळेनं शब्दसंख्या फारशी वाढत नाही. हे बऱ्याच अंशी मान्य करायला हवं. मुद्दा मिनिटाच्या वेगाचा नसून आठ तासांच्या श्रमाचा आणि चुका निस्तरण्याचा आहे. आवाजाची तक्रार रास्त आहे, पण ‘टक्’ न करणारे स्विच सहज मिळतात. राहता राहिली किंमत. साधी रबरी कळ 50 लाख ते 1 कोटी दाबांची मानली जाते. चांगल्या यांत्रिक स्विचची हमी 5 कोटींपासून पुढे असते. रोज काही तास टाइप करणाऱ्याला हा सौदा महाग पडत नाही.

तरीही कचेऱ्यांच्या दरपत्रकात प्रोसेसर आणि रॅम तपशिलानं लिहिलेले असतात आणि कळफलकापुढे सहसा ‘स्टँडर्ड’ एवढंच. तिथं दाब, अंतर आणि स्विचचा प्रकार असे तीन रकाने वाढवावेत, आणि ज्याला त्यावर बसायचं आहे त्याच्या हाती दोन-तीन नमुने आधी द्यावेत. चांगली कळ बनवायची कशी, हे उद्योगाला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तिची मागणी करणारा माणूस खरेदीच्या वेळी हजर असायला हवा.