हृदयाचा चोवीस तासांचा रोजमेळ

गल्ल्यावर बसलेले असताना छातीत अचानक धस्स होते, एक ठोका गळाल्यासारखा वाटतो आणि पुढचा जोरात बसतो. ईसीजी काढावा तर तो निर्दोष येतो. मग कोणी निर्धास्त होतो, तर कोणी अधिकच धास्तावतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

ठोका बहुधा गळालेला नसतो. एक जादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर क्षणभर विराम येतो आणि पुढचा ठोका जोरदार जाणवतो. हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देते. नेहमीचा ईसीजी त्यातील सुमारे १० सेकंद टिपतो. एका पावतीवरून दिवसाचा रोजमेळ जुळत नाही. यासाठीच होल्टर चाचणी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांचे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आजचे यंत्र खिशात मावते.

छातीवर पट्ट्या चिकटवून हे यंत्र २४ ते ४८ तास बाळगायचे असते. त्या काळात सहसा स्नान करता येत नाही. म्हणून पूजेचा नेम असणाऱ्यांनी दिवस विचारपूर्वक निवडावा. घरी पडून न राहता दुकान, जिना, चालणे नेहमीप्रमाणे ठेवावे आणि धडधड जाणवताच वेळ लिहून ठेवावी. त्रास क्वचितच होत असेल, तर अधिक दिवसांची नोंद लागते.

अहवालात जादा ठोक्यांचे प्रमाण पाहतात. १ लाखात १०० आणि १ लाखात १५,००० यांत मोठे अंतर आहे. हृदयाची रचना निर्दोष असून प्रमाण अल्प असेल, तर बहुधा औषधाची गरज नसते. प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्यास हृदयाची पंपशक्ती घटण्याची शक्यता लक्षात घेऊन देखरेख ठेवतात. म्हणून टूडी इको आवश्यक ठरते. लयच पूर्णपणे विस्कळीत असल्यास मात्र गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. तेथे उपचार निराळे.

रक्तातील पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम घटू शकते. अठाई, मासखमण वा दीर्घ उपवासाचा संकल्प असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

आष्टीकरांना अहिल्यानगर जवळचे. सप्टेंबर २०२२ पासून तेथवर रेल्वेही सुरू झाली. जैन सोशल फेडरेशनचे आनंदऋषीजी हॉस्पिटल तेथेच असून त्यात हृदयरोग विभाग आहे. जाताना जुने ईसीजी, चालू औषधांची यादी आणि त्रासाच्या वेळांची नोंद सोबत न्यावी.

मात्र धडधडीसोबत भोवळ, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे वा धाप लागणे असेल, किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला असेल, तर सवडीची वाट पाहू नये. दुकान एक दिवस बंद राहिले तरी चालते.