निळ्या गोळीची पत्रे

आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. पण तो कुणी काढत नाही, म्हणूनच त्यावर काही लोकांची दुकाने चालतात. तेव्हा आज मीच काढतो.

माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहासोबत मी हौसेने ई-मेलचा पत्ता दिला आणि प्रकाशकांनी तो आपल्या संकेतस्थळावर टाकला. वाटले, वाचक अभिप्राय कळवतील. अभिप्राय आले तीन. त्यानंतर जी पत्रे सुरू झाली ती मात्र थांबलीच नाहीत. 'रात्री पुन्हा तरुण करा.' 'निळी गोळी अर्ध्या किमतीत, पाकिटावर मजकूर नाही.' गोळीचे नाव मोठे गमतीदार लिहिलेले असे. इंग्रजी 'आय'च्या जागी एकचा आकडा, 'ए'च्या जागी ॲटचे चिन्ह. टपाल चाळणाऱ्या यंत्राला शब्द ओळखू येऊ नये, माणसाला मात्र यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. आम्ही कवी शब्दांशी इतकी झटापट क्वचितच करतो.

माझ्या लहानपणी हाच मजकूर रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेला असे. 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, शर्तिया इलाज.' अमुक तारखेला हकीमसाहेब एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर भेटतील. (हकीम म्हटला की तो आमच्यातलाच, या समजुतीने शाळेत माझी बरीच थट्टा झाली.) लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींनी तो फारसा मानला नाही. ई-मेल तर परदेशातूनही येते.

गोळी मात्र खरी आहे, हे सांगितले पाहिजे. सिल्डेनाफिल हे तिच्यातले औषध. फायझर कंपनी ते हृदयाच्या दुखण्यासाठी तपासत होती. त्या चाचण्यांत त्याचा हा दुसराच गुण ध्यानात आला आणि मार्च १९९८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज आपल्याकडे अनेक कंपन्या ते बनवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळते. मग लोक अनोळखी पत्राला का भुलतात? कारण चिठ्ठी मागायला तोंड उघडावे लागते.

या धंद्याचे गणित २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोठ्या युक्तीने मांडले. 'स्टॉर्म' नावाचे संगणकांचे एक जाळे होते. लोकांच्या घरातल्या बाधित संगणकांकडूनच, मालकाच्या नकळत, ते अशी पत्रे पाठवून घेई. संशोधकांनी त्या जाळ्याच्या एका भागात शिरून पत्रांतले दुवे आपल्या निरुपद्रवी नकली दुकानाकडे वळवले. सुमारे ३५ कोटी पत्रांमागे खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत आले अवघे २८ जण. त्यांतल्या २७ जणांना पौरुष वाढवणारी उत्पादनेच हवी होती. पत्रे पाठवायला दुसऱ्याचा संगणक आणि दुसऱ्याची वीज, म्हणून इतक्या थोड्या गिऱ्हाइकांवरही धंदा चालतो. अशा पत्राला रागाने उत्तर देऊ नका. 'नको असल्यास येथे टिचकी मारा' असे असेल तिथेही टिचकी मारू नका. या पत्त्यामागे जिवंत माणूस आहे, एवढेच त्यातून त्यांना कळते.

गेल्या वर्षी मगरिबच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा मागे रेंगाळले. सगळे पांगल्यावर म्हणाले, "शायर, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" त्यांनी मोबाइलवर आलेल्या पत्रावरून गोळ्या मागवल्या होत्या. अडीच हजार भरले. आठ दिवसांनी फोन आला, पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, चार हजार भरा. तेही भरले. मग तिसरा फोन. माल बेकायदा आहे, दंड भरा, नाहीतर पोलीस घरी येतील आणि काय मागवले होते ते घरच्यांसमोर वाचून दाखवतील. एवढे सांगेपर्यंत चाचांचा आवाज बसला.

मी म्हणालो, १९३० या क्रमांकावर आत्ता फोन करू. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची आशा जास्त. ते नको म्हणाले. "काय घेतलं होतं ते विचारतील ना." चोराला हे उत्तर आधीच ठाऊक होते. 'औषधांची ऑनलाइन खरेदी' एवढे सांगूनही तक्रार देता येते, असे समजावत तासभर गेला. अखेर त्यांनी फोन केला. पैसे परत मिळाले नाहीत, पण ते धमकीचे फोन उचलणे त्यांनी बंद केले आणि पोलीस काही आले नाहीत.

बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पट्टी काढून दाखवली. छातीत दुखले की जिभेखाली धरायची गोळी. मी चरकलोच. त्या गोळीत नायट्रेट असते. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र आले की रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. डॉक्टर चिठ्ठी लिहिण्याआधी हाच प्रश्न विचारतात. ई-मेल विचारत नाही. 'हर्बल' म्हटल्यानेही धोका टळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा कित्येक 'नैसर्गिक' मालात लपवलेले सिल्डेनाफिल सापडले आहे. बनावट गोळीत तर औषध कमी आहे, जास्त आहे की भलतेच आहे, हेही कळायला मार्ग नसतो. चाचांचे पार्सल आले नाही याबद्दल मी अल्लाचे आभार मानले. त्यांना मात्र अजून साडेसहा हजारांचेच दुःख होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. बाहेरच्या बाकावर चाचा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तूच सांग." मी म्हणालो, कविता मी लिहितो, पण हे तुम्हीच सांगायचं. आत पाच मिनिटे लागली. डॉक्टर हसले नाहीत. वयाचा दोष आहे म्हणाले नाहीत. ही तक्रार पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या किंवा साखरेच्या दुखण्याची पहिली खूण असते, असे त्यांनी सांगितले आणि रक्त तपासायला पाठवले. चाचांची साखर तीनशेच्या वर निघाली.