झाकली मूठ इथे चालत नाही

जुनी वस्तू विकताना आपण ती पुसून स्वच्छ करतो, चांगली बाजू वर ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे व्यवहारातले जुनेच सूत्र. जुना पंखा किंवा कपाट विकताना ते खपूनही जाते. पण शर्यतीच्या ट्रॅकवर धावलेल्या मोटारीचे सुटे भाग विकायला निघतात, तेव्हा ही मूठ उघडावीच लागते. कारण तिच्यात दुसऱ्याचा जीव असतो.

आपल्या देशात मोटारींच्या शर्यती नव्या नाहीत. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर त्या होत असत. पुढे इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, २००३ मध्ये कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. हौशी माणूस आपली रोजची मोटारही ट्रॅकवर नेतो. तिला ताकदीचे ब्रेक, कडक स्प्रिंगा, हलकी चाके बसवतो. काही वर्षांनी हौस फिटते किंवा संसाराचा खर्च वाढतो. मग मोटार मूळ रूपात आणून काढलेले भाग वेगळे विकले जातात. घेणारा बहुधा तरुण असतो. नवा भाग त्याच्या खिशाला परवडत नाही.

ट्रॅकवरच्या भागात वेगळे काय असते? उष्णता आणि ताण. रस्त्यावर ब्रेक अधूनमधून दाबला जातो. ट्रॅकवर जवळजवळ प्रत्येक मोठ्या वळणाआधी, तोही पूर्ण जोराने. डिस्क तापते, निवते, पुन्हा तापते आणि तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. विकणाऱ्याने मायक्रोमीटर लावून आजची जाडी सांगावी. ‘अजून बरीच चालेल’ हे माप नव्हे.

धातूसुद्धा थकतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा मागेपुढे केली की तुटते. पोलाद ठराविक मर्यादेच्या आतला ताण जवळजवळ कितीही वेळा सोसते. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते; लहान ताणांचाही हिशेब आत साठत जातो. म्हणून हलक्या मिश्रधातूच्या चाकांची तपासणी महत्त्वाची. चाकावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात, थोड्या वेळाने पुसतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग वर येतो. डोळ्यांना न दिसलेले तो दाखवतो.

टायरच्या कडेवर उत्पादनाचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वारंवार तापून निवलेले रबर कडक होते आणि पकड कमी होते.

काही वस्तू मात्र बाजारात आणूच नयेत. शर्यतीच्या सीटपट्ट्यावर एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार मुदतीचे वर्ष छापलेले असते. मुदत संपली की पट्टा शर्यतीतून बाद. हेल्मेटच्या आतला फोम स्वतः दबून आघात झेलतो. दबलेला फोम पुन्हा फुलत नाही. बाहेरचे कवच मात्र चकचकीतच राहते. आपटलेले हेल्मेट विकू नये आणि कुणाला फुकटही देऊ नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. तेव्हा जो भाग केवळ ट्रॅकसाठी आहे, त्यावर तसे लिहूनच तो द्यावा.

प्रत्येक भागासोबत एक साधा कागद द्यावा. किती दिवस ट्रॅकवर धावला, कुठे आदळला का, दुरुस्ती कोणती झाली आणि का काढला, एवढेच त्यावर असावे. खरे लिहिल्याने किंमत थोडी उतरते. उतरू द्यावी. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगात एखादा तरुण ब्रेकवर पाय ठेवेल, तेव्हा आपण त्या जागी नसू. आपला कागद मात्र त्याने वाचलेला असेल.