अर्धा आंबा

सकाळचे साडेसहा. मी अढीपाशी उकिडवी बसायला बघतेय आणि पोट मध्ये येतंय. शेवटी भिंतीला हात टेकून पाटावर बूड टेकते. माजघराच्या या कोपऱ्यात पेंढ्याचा उबट वास आहे आणि त्याच्या आत लपलेला दुसरा. वरचा पेंढा बाजूला सारला की हाताला ऊब लागते. आंबे आतल्या आत तापलेले असतात, गोधडीखालच्या पोरांसारखे. हापूस पिकला की देठापाशी जरा खोलगट होतो, खांद्यावरची साल सैल पडते. दाबून बघायचं नाही, ही आजीची ताकीद अजून बोटांत आहे, कारण दाबलेल्या जागी आंबा काळा पडतो. मी नुसत्या वासावर चार बाजूला काढते. पाचवा उचलतेय तोच मागून आवाज येतो.

"आई, डॉक्टरांनी अर्धा सांगितलाय."

माझी लेक. वय वर्षं पाच, केस पिंजारलेले, तोंडात ब्रश. दात घासायचा तिला एरवी कंटाळा. पण आईवर पाळत ठेवायची म्हटली की ती कोंबड्याच्या आधी उठते.

चूक माझीच. महिन्यापूर्वी ठाण्याला डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तेव्हा तिला सोबत नेलं होतं. १४० किंवा त्याच्या वर आकडा गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझा १३६ आला. काठावर. "माहेरी जाताय? रत्नागिरी?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "मग दिवसाला अर्धा आंबा. जेवणावर नाही, अकराच्या सुमाराला. आणि रोज अर्धा तास चाला." बाईंनी काय लिहून दिलं ते मी विसरेन, शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेली ही विसरणार नाही.

आईला मात्र हा हिशेब मुळातच पटत नाही. "बाजारातल्या आंब्याचं सांगितलं असेल हो त्यांनी. आपल्या कलमाचा आंबा, त्यात कसली गो साखर?" असं म्हणत ती चुलीवरच्या चहात दोन चमचे घालते, माझ्या कपात एक.

पावसच्या पुढे, खाली उतरलं की समुद्र आणि वर चढलं की कातळ, अशा मधल्या घळीत आमची वाडी आहे. परवा मांडवी एक्स्प्रेसने आलो. खालचा बर्थ मिळाला होता. गरोदर बाईला तो कोट्यातून मिळतो, हे मला पहिल्या खेपेला ठाऊक नव्हतं आणि तेव्हा मधल्या बर्थवर चढले होते. उक्षी मागे पडलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. लेक अंधारात माझ्या पोटाला चिकटून विचारत होती, बाळाला रोज एवढाच काळोख असतो का?

इथे येऊन दोन दिवस झाले तरी पाय अजून ठाण्याच्या वेळेवर चालतात. तिथे साडेपाचला उठायचं, दोन डबे, एक पाण्याची बाटली, सासूबाईंची गोळी, लेकीच्या वेण्या. स्टेशनवर दिव्यांगांच्या डब्यापाशी उभं राहायचं. गरोदर बाईला त्यात चढायची मुभा आहे, तरी पहिले दोन महिने पोट दिसत नसल्यामुळे लोक चपलेपासून केसांपर्यंत न्याहाळत. ऑफिसात एचआरची मुलगी हळूच सांगून गेलीय की २६ आठवड्यांच्या रजेतले ८ आठवडे आधी घेता येतील. मला ते सगळे नंतरच हवेत. म्हणून हे दहा दिवस माझ्या साठवलेल्या रजेतून कापले जातायत, आणि त्यातला प्रत्येक दिवस मी मोजून वापरतेय.

नऊ वाजता दादा बागेतून येतो. उजाडताच गेलेला असतो, कारण ऊन चढल्यावर काढलेल्या आंब्यात साका धरायची भीती. दोन नेपाळी गडी क्रेट उतरवतात. झेल्याची काठी पडवीच्या वाशाला लावली जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला हा झेला आंबा देठासकट काढतो, मग चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. हंगाम संपत आलाय. चांगला माल मार्च-एप्रिलमध्येच वाशीला गेला. आता उरलाय तो कॅनिंगला जाईल, आणि त्यातून उरेल तो आपला. लहानपणापासून बघतेय, बागायतदाराच्या घरात पहिली पेटी कधी फुटत नाही.

वहिनी खळ्यात फणस घेऊन बसते. कापा फणस, माझ्या पोटाएवढा. हे मी म्हणत नाही, पोरं म्हणतायत आणि शेजारी उभं करून मापही घेतायत. वहिनी कोयत्याला खोबरेल तेल लावते, मग मनगटापर्यंत हाताला. पहिल्याच घावाला पांढरा चीक फुटतो. ती कागदाच्या बोळ्याने तो गोळा करून टिपत राहते, दुधावरची साय काढावी तसा. मधला दांडा एका बाजूने कापून काढते आणि मग फणस पुस्तकासारखा उघडतो. आत गरे दाटीवाटीने बसलेले, एकमेकांना कोपर मारत. मी आठळ्या वेगळ्या करायला घेते. आठळीवरचा पातळ पापुद्रा बोटाला चिकटतो, झटकला तर दुसऱ्या बोटाला चिकटतो.

"तू ठेव गो. आराम करायला आल्येस," वहिनी म्हणते.

आराम हा शब्द या घरात सगळ्यांच्या तोंडी आहे. आई म्हणते, दादा म्हणतो, वरच्या घरातल्या काकू येताजाता म्हणतात. आणि माझा आराम कुठून येतो ते मी पाटावर बसून बघतेय. वहिनी साडेचारला उठलीय. गड्यांचा चहा, आठ माणसांची न्याहारी, पोरांच्या आंघोळीचं पाणी, आणि वर आगोटीची कामं: लाकडं पडवीत रचून झालीत, आमसुलं वाळतायत, पापड बाकी आहेत. मी दर मे महिन्यात माहेरी येते. म्हणूनच वहिनीला मे महिन्यात माहेरी जाता येत नाही. तिचं माहेर देवरुखच्या बाजूला, सकाळी निघालं तर जेवायला पोचावं एवढंच लांब.

"तू कधी जाणारेस?" मी विचारते.

"मिरग लागू दे. बघू."

मिरगानंतर लावणी, लावणीनंतर गणपती. ती पुढचं बोलत नाही. मी पुढची आठळी घेते.

गऱ्यावरून वाद होतो तो होतोच. काकूंच्या मते पोटुशीने फणस खाऊ नये, बाधतो. आईच्या मते दोन गरे खाल्ले तर काही होत नाही, नाहीतर बाळाची लाळ गळते. पपईबद्दल मात्र दोघींचं एकमत आहे, पपईचं नावही काढायचं नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. कच्ची नको, बाकी प्रमाणात काहीही खा, असं उत्तर होतं. पण प्रमाण हे माप आमच्या स्वयंपाकघरात नाही. इथे तांब्या आहे, शेर आहे, ओंजळ आहे.

अकराच्या सुमाराला आशाताई येतात, छत्री घेऊन, घामाघूम. त्या वाडीत नव्या आलेल्या प्रत्येक पोटाची नोंद ठेवतात, मग ते दहा दिवसांचं पाहुणं का असेना. माझं माता-बाल संरक्षण कार्ड उलटून पालटून बघतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, पायाला सूज आहे का, बाळ हलतं का. "लाल गोळी चालू आहे ना?" चालू आहे. "कशाबरोबर घेता?" आई मध्येच अभिमानाने सांगते, "दुधाबरोबर. कॅल्शियमची पण त्यातच देते, एकदमच." आशाताई कपाळाला हात लावतात. लोहाची गोळी दुधाबरोबर आणि चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर तर नाहीच. एक खाल्ली की दुसरीला निदान दोन तास. लिंबाच्या सरबताबरोबर घ्या, अंगी लागेल. "आणि ९ तारखेपर्यंत असतात तर आरोग्य केंद्रात दाखवायला नेलं असतं. दर ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते." तोवर मी ठाण्याला पोचलेली असेन. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी, असंच ठरलंय. का ठरलंय ते कोणी विचारत नाही.

त्या सरबत पिऊन उठतात आणि अकरा वाजून गेल्याचं लेकीच्या लक्षात येतं. समारंभ सुरू होतो. वहिनी आंबा धुऊन आणते, दोन्ही गाल कापते. लेक एक गाल माझ्या बशीत ठेवते, दुसरा स्वतः उचलते. बाठा वहिनीकडे. मी चमच्याने हळूहळू खाते, सालीच्या आतला केशरी थर खरवडून, साल कागदासारखी होईस्तोवर. समोर पोरं अख्खे आंबे माचून, देठ उडवून, ढोपरापर्यंत रस गाळत चोखतायत. असं मन मारून मी आयुष्यात कधी काही खाल्लं नाही, आणि खरं सांगायचं तर इतकं चवीनेही नाही.

दुपार चिकट आहे. पंखा गरम हवा फिरवतोय. अंगणात चार ताटांत साठं वाळत घातलंय, तूप लावलेल्या ताटावर रसाचा तिसरा थर. कावळे हाकलायला पोरांची पाळी लावलीय. पहिल्या ताटावर पाच बोटांचे पाच नांगर फिरलेले आहेत. कावळ्याला बोटं नसतात, पण साक्षीदार सगळेच फितूर. मी ओटीवरच्या फरशीवर डाव्या कुशीला आडवी होते. जेवण झालं की बाळ हलायला लागतं, आणि मी ते मोजते. एक. दोन. तिसरी ढुशी बरगडीखाली. लेक येऊन पोटाला कान लावते.

"काय म्हणतंय?"

"आंबा मागतंय," ती म्हणते. जरा विचार करून, "पण मी नाही म्हटलं."

पाच वाजता नवऱ्याचा फोन घ्यायला विहिरीच्या कट्ट्यावर जावं लागतं, रेंज तेवढीच. त्याला दूध उतू गेल्याची बातमी द्यायची असते आणि मला आज चालून झाल्याची. तेवढ्यात वहिनी हाका मारते. सातव्या महिन्यात आलेल्या लेकीला आई रिकामी कशी पाठवणार? डोहाळजेवण ठाण्याला होईल, फुलांच्या वाडीचं आणि फोटोंचं. इथे पाच बायका, नारळ, तांदूळ, खण, आणि मोगऱ्याचा एक गजरा.

काकू माझ्याकडे बघून निकाल देतात, "पोट पुढे आलंय, मुलगा." आई म्हणते, "गेल्या वेळेला पण तुम्ही हेच म्हणाला होतात," आणि माझ्या लेकीला पुढे करते. सगळ्या हसतात, काकू सगळ्यात मोठ्याने. ठाण्याच्या दवाखान्यात गर्भलिंग निदान होत नाही असा फलक भिंतीवर आहे. इथे पाटावर दोन पालथ्या वाट्या आहेत. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. फक्त पावसच्या दुकानात बर्फी संपलेली होती, म्हणून वहिनीने घरची आंबावडी ठेवलीय.

मी डावी वाटी उचलते. आंबावडी.

"मुलगी!" काकूंचा आवाज जरा खाली येतो. वहिनीच्या दोन्ही मुली नाचायला लागतात. लेक मात्र पुढे होऊन वडी हातात घेते, निरखते, वास घेते. मग दोन्ही हातांनी मोडते, एक तुकडा माझ्या तोंडात घालते, दुसरा स्वतःच्या. "अर्धीच," ती समस्त बायकांना तोंड भरल्या आवाजात समजावते. "आंब्याची आहे."

रात्री वारा सुटतो, माडांची सळसळ वाढते आणि लाईट जाते. जेवणं त्याआधीच उरकलीत, फोडी संपल्यात. माजघरात पोरं एका ओळीत झोपवलीत, चादरींवरून पाय एकमेकांच्या अंगावर. मला पाणी हवंय म्हणून भिंत चाचपत स्वयंपाकघरात येते, तर चुलीच्या निखाऱ्यांपाशी वहिनी बसलीय. पुढ्यात पातेलं. दिवसभराचे बाठे त्यात जमा झालेत. दादाचे, पाहुण्यांचे, आमचे. ती एकेक घेऊन चोखतेय. दिवसातला हा तिचा पहिला आंबा.

मी पाट ओढून बसते. ती काही न बोलता पातेलं माझ्याकडे सरकवते.

"बाठा मोजतात का गो?" मी विचारते.

"डॉक्टरांनी फोडीचं सांगितलं ना? मग."

मी एक उचलते. कोयीला धागे आहेत, धाग्यांत रस आहे. आम्ही दोघी निखाऱ्यांच्या उजेडात खाली वाकून चोखत बसतो. रस मनगटावरून कोपरापर्यंत येतो. पोटातली एक ढुशी देते, वहिनीला ती माझ्या साडीवरून दिसते, आणि ती हसते, आवाज न करता.

"आई?" माजघरातून हाक येते. झोपेतली, पण संशयाने जागी.

आम्ही दोघी तोंडातला बाठा तसाच धरून थांबतो.

"कोण चोखतंय?"

"मांजर आहे गो, झोप," वहिनी म्हणते.

काळोखात जरा वेळ शांतता.

"मांजर आंबा खातं?"

"आपलं खातं," वहिनी म्हणते, आणि पुढचा बाठा घेते.