काशीची न्याहारी

पहाटेचे गंगास्नान उरकून, घाटाच्या पायऱ्या चढून मनुष्य गल्लीत शिरला की देवळातल्या घंटेच्याही आधी त्याला जाणवतो तो हिंगाचा आणि तापलेल्या कढईचा वास. ठठेरी बाजारात किंवा कचौडी गल्लीत हलवायाची भट्टी केव्हाच पेटलेली असते. एका खोल कढईत कचोऱ्या टम्म फुगत असतात. शेजारच्या पसरट कढईत जिलब्यांची वेटोळी पडत असतात. पानाच्या द्रोणात दोन कचोऱ्या, वर रसदार तरकारी, आणि दुसऱ्या द्रोणात गरम जिलबी, ही बनारसची न्याहारी.

कचोरी म्हटली की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे येते ती डब्यात आठ दिवस टिकणारी, कोरडी, खुसखुशीत गोळी. बनारसची मोठी कचोरी त्या जातीची नव्हे. कणकेच्या पारीत भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीचे, हिंग, बडीशेप, मिरी घातलेले पीठ भरतात. त्याला तिकडे पिठी म्हणतात. ती लाटून तळली की भरल्या पुरीसारखी मऊ होते. लहान कचोरी मात्र कडक, बहुधा बटाट्याचा मसाला पोटात घेतलेली. तरकारीत बटाटा, काळे हरभरे आणि तांबडा भोपळा. कांदा-लसूण बहुधा नाही. पण तो नाही हे खाताना ध्यानातही येत नाही, इतके काम हिंग करून जातो.

पाश्चात्त्य देशांतही सकाळच्या व दुपारच्या जेवणांमधल्या खाण्याचे मोठे कौतुक आहे. ‘ब्रंच’ हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने पुरस्कारिला, तो शनिवारच्या जागरणानंतर रविवारी उशिरा उठणाऱ्यांची सोय म्हणून. न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास उदयास आलेला ‘एग्ज बेनेडिक्ट’ हा अंड्यांचा पदार्थ या भोजनाचा मानकरी ठरला, आणि तो प्रथम कोणी केला यावर तिथल्या उपाहारगृहांचे वाद आजही मिटलेले नाहीत. काशीची न्याहारी याच्या अगदी उलट टोकाची. ती उशिरा उठणाऱ्यासाठी नाही. सूर्योदयापूर्वी उठून, नदीत बुडी मारून, दर्शन घेऊन ज्याच्या पोटात कावळे ओरडू लागले आहेत त्याच्यासाठी आहे. दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर होणाऱ्या आम्हां नोकरमाणसांनाही ही वेळ सोयीची पडते, हा योगायोग.

पण तीर्थक्षेत्री तळलेलाच पदार्थ का रूढ व्हावा? भाकरी-भाजी का नाही? याचे उत्तर पाकशास्त्रात नसून समाजाच्या रीतीत आहे. उत्तर भारतात अन्नाचे दोन वर्ग मानीत: ‘कच्चे’ आणि ‘पक्के’. पाण्यात शिजलेला भात, वरण, तव्यावरची रोटी हे कच्चे. ते चौक्यात बसून, आपल्या जातीच्या हातचेच खायचे. तुपात तळलेले किंवा दुधात केलेले ते पक्के. ते हलवायाच्या दुकानातून घेऊन वाटेत खाल्ले तरी दोष नाही. आपल्याकडे प्रवासासाठी दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवीत, त्यामागे हीच दृष्टी होती. देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेल्या, एकमेकांच्या घरी पाणीही न पिणाऱ्या यात्रेकरूंना एकाच कढईतले अन्न घेता आले, ते या कचोरीमुळे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचे सोवळे मोठे कडक. पण परगावच्या यात्रेकरूची सकाळ गल्लीतल्या हलवायानेच भागवायची.

तथापि या औदार्याची सीमा सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘पक्क्या’ अन्नाने काही भिंती ठेंगण्या केल्या, पाडल्या नाहीत. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले, त्यांच्याकरिता दुकानाची पायरी त्या नियमाने खुली झाली नाही. संत रविदासांच्या नगरीत हे घडत होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. दुकाने व उपाहारगृहे यांत जातीवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, हे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने ठरले, आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ साली झाला. जे कढईला साधले नाही ते कायद्याला करावे लागले.

कचोरीचा लौकिक जुना आहे. ज्याचे नावच काशीवरून ठेवले गेले तो जौनपूरचा जैन व्यापारी बनारसीदास याने १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. व्यापारात बुडाल्यावर आग्र्यात तो एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खात असे. आपल्याजवळ पैसा नाही हे त्याने एके दिवशी सांगून टाकले, तर त्या भल्या माणसाने वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असे म्हटले! इतका दिलदार सावकार आत्मचरित्रांत विरळाच. पुढे भारतेंदु हरिश्चंद्रांच्या ‘अंधेर नगरी’ या १८८१ सालच्या प्रहसनात बाजारातला हलवाई जो माल ओरडून विकतो, त्यात जिलबीही आहे आणि कचोरीही.

जिलबी मात्र दूरची पाहुणी. अरबी ‘झलाबिया’ हे तिचे माहेर. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात तिच्या कृती आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी तिचा भारतातील माग काढला, तेव्हा पंधराव्या शतकातल्या एका जैन कथेत ती सापडली. तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेल्या रघुनाथसूरींच्या ‘भोजनकुतूहल’ या सतराव्या शतकातील ग्रंथातही तिची कृती आहे. द्रोणातला बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची. आणि ज्याला हिंदीत ‘काशीफल’ म्हणतात तो तांबडा भोपळाही तिकडचाच! सनातन काशीच्या सनातन न्याहारीत सनातन म्हणावे असे उडीद, हरभरा आणि गहू एवढेच उरतात. मला यात काशीची थोरवीच दिसते.

खाण्याचीही एक रीत आहे. कचोरीचा वरचा पापुद्रा बोटाने फोडावा, तरकारी आत जाऊ द्यावी आणि ती मऊ पडण्याआधी संपवावी. जिलबीचे पीठ रात्रभर आंबवलेले असते, त्यामुळे तिच्या गोडीला किंचित आंबूस धार असते. ती पाकातून निघताच खावी, निवली की अर्धी गोडी गेली. हौशी माणसे तिच्यावर दही घेतात. मग द्रोण टोपलीत टाकून हात धुवायचे, आणि समोरच्या पानवाल्याकडे वळायचे.