‘फास्ट लेन’ कुठली?

‘लाइफ इन द फास्ट लेन’ म्हणजे वेगवान, झगमगाटाचं आणि तितकंच जोखमीचं जगणं. ईगल्स या अमेरिकी बँडच्या १९७६ सालच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बममधल्या याच नावाच्या गाण्याने हा वाक्प्रचार दूरवर पोचवला. त्यातली जोखमीची छटा महत्त्वाची. केवळ ‘यशस्वी’ म्हणून तो वापरला, तर अर्धा अर्थ हरवतो.

खरी फास्ट लेन पनवेलकरांच्या दारातच आहे. कळंबोलीहून निघणारा यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला. लांबी सुमारे ९४ किलोमीटर, प्रत्येक दिशेला तीन मार्गिका. अवजड वाहनांनी डावीकडची मार्गिका धरायची, मोटारींनी मधली. उजवीकडची फक्त ओव्हरटेक करण्यापुरती! (अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे ही मार्गिका डावीकडे असते.)

वाक्प्रचारातला माणूस फास्ट लेनमध्येच मुक्काम ठोकतो. रस्त्यावर मात्र असा मुक्काम नियमबाह्य आणि जिवावर बेतणारा आहे, कारण मागचा वाहनचालक मग डावीकडून वाट काढू पाहतो.

पुण्याकडे निघालात, तर ओव्हरटेक करून पुढे गेल्यावर उजवी मार्गिका लगेच मोकळी करा.